आधी शून्य दाखवा

हनमव्वा आजी मत टाकून बाहेर आली आन् तिनं माझ्या तोंडापुढं दोन बोटं धरली. डाव्या हाताच्या बोटाला शाई. उजव्या हाताच्या बोटाला कुंकू.

"हे कुठनं आलं गं?" मी विचारलं.

"बटनातनं."

"बटनातनं कुंकू येतंय व्हय आजी?"

"दाबलं, पीं वाजलं, आन् बोट बघितलं तर लाल. देवीनं कौल दिला. छत्री निवडून आली म्हणून समज."

"हळू बोल! कुणाला दिलं ते सांगायचं नसतंय."

"मी कुठं सांगितलं? बोट सांगतंय," म्हणली आन् दात नसलेलं तोंड उघडून हसत गेली.

मी तिच्या नावावर यादीत रेघ मारली. बारावी रेघ. टेबल म्हणजे आमच्या घरातला पत्र्याचा पेटारा, त्यावर मतदारांची यादी, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून एक दगड. शाळेच्या गेटापासून शंभर मीटर मोजून हवालदारानं चुन्याची रेघ मारली होती, तिच्या अलीकडं मी. माणूस आला की त्याचं नाव, यादीतला नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचा. पलीकडं बाभळीखाली भोईट्यांचं टेबल, त्याला मंडप, खुर्च्या, चहाचा थर्मास.

मी तेव्हा सोळाची. मला मत नव्हतं. आठवीत शाळा सोडलेली, म्हणजे खरं तर शाळेनंच मला सोडलेलं. हजेरी घेताना मास्तर आमच्या वस्तीतल्या पोरांना नावानं न बोलवता "दगडफोडे, हजर का?" म्हणायचा. तीन वेळा ऐकलं. चौथ्या वेळी मी उठले आन् हजेरीपट खिडकीतनं बाहेर भिरकावला. तो जाऊन पडला गटारात. परत गेले नाय. मतदान होतं ते त्याच आठवीच्या खोलीत.

पोटनिवडणूक होती, सोनगिरवाडी ग्रामपंचायतीची. आमच्या प्रभागातली एकच जागा मोकळी झालेली, बाईसाठी राखीव. एका बाजूला भोईट्यांची सून वनिता, निशाणी कपबशी. दुसऱ्या बाजूला माझी आई, पारूबाई धोत्रे, निशाणी छत्री. वडार वस्तीतनं आजपर्यंत कुणी उभंच राहिलं नव्हतं. आई राहिली ती नळासाठी. पाण्याची पाइपलाइन गावातनं येऊन भोईट्यांच्या चक्कीपाशी थांबलेली. तिथनं आमची वस्ती तीनशे पावलं. आठ वर्षं ती तीनशे पावलं बाया हंडे घेऊन चालत होत्या आन् चक्कीवर कुणी असंल तरच पाणी मिळायचं.

उभं राहिल्यापास्नं गावात एकच कुजबुज. कुठलंही बटन दाबा, कपबशीलाच जातंय. मशीन वरनंच तसं करून आणलंय. मी शोधत गेले, तर ही कुजबुज निघायची कुठनं? भोईट्यांच्याच चक्कीवरनं. दळण दळता दळता सांगायचे, "कशाला उन्हात जाता? तिथं ठरलेलंच हाय." आमची माणसं घरी बसावीत म्हणून. मला हे कळत होतं, मी ओरडून सांगत होते, पण सोळा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतंय.

तर कुंकू. हनमव्वा आजीनंतर अजून चौघं-पाचजण लाल बोट घेऊन आली. मग लाल थांबलं. मला वाटलं, कुणाच्या तरी कपाळाचं असंल. गर्दी वाढली, मी विसरले.

साडेनऊला हवालदार व्हरांड्यात आला. फोन कानाला. तालुक्याला आकडा कळवत होता. मोठ्यानं बोलायची सवय, रेंज नसली की अजून मोठ्यानं. "हां साहेब. एकशे सदतीस. एक, तीन, सात. केंद्राध्यक्षांनी मशीनवर बघून दिलेलाच सांगतोय."

माझी पेन्सिल थांबली.

मी रेघा मोजल्या. सत्याऐंशी. परत मोजल्या. गेटातनं आत गेलेला एक माणूस माझ्या डोळ्यातनं सुटत नाय, भोईट्यांच्या चिठ्ठीवर गेलेला असू दे नायतर माझ्या. भोईट्यांचं कुत्रं सुद्धा दोनदा आत जाऊन आलं होतं, ते पण मला ठाऊक होतं.

"ओ हवालदारकाका! किती म्हणला?"

"एकशे सदतीस."

"सत्याऐंशीच गेलीत आत."

"तू मास्तरीण लागून गेलीस का?"

"मी मोजलीत. पन्नास जास्त हायत."

बोलायला नको होतं असं मोठ्यानं. पण माझा आवाज असाच. रांगेतल्या बायांनी ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, आन् चहा व्हायच्या आत वस्तीपर्यंत पोचलं की मशीन आपोआप मतं टाकतंय. पन्नास टाकली. आता शंभर टाकणार. आमचा सिद्राम, चुलतभाऊ, सकाळी मत टाकून खाणीवर निघालेला, तो तसाच खांद्यावर घण घेऊन आला. त्याच्यामागं वीस-पंचवीस माणसं.

"कुठाय ते खोकं? फोडतो. मशीनच्या पोटात काय हाय ते सगळ्यांनाच दिसू दे."

"सिद्राम, घण खाली ठेव," आई म्हणली. ती पण धावत आली होती. निवडणुकीसाठी घेतलेली नवी हिरवी साडी, पदर कमरेला खोचलेला.

"अक्का, तुमची मतं गिळली त्यानं!"

"ठेव म्हणते ना खाली. पोलिसानं बघितलं तर निवडणूक राहू दे, तूच आत जाशील."

भोईट्यांच्या मंडपातनं बापू भोईटे उठून आला. वनिताचा दीर, तोच त्यांचा आतला एजंट, चहाला बाहेर आलेला. हसत म्हणला, "काय पारूबाई, हरायच्या आधीच रडारड?"

मला रक्त चढलं. पण त्याच वेळेला माझं डोकं दुसरीकडं चालू होतं. पन्नास. एकावन्न नाय, एकोणपन्नास नाय. मशीनला मतं चोरायची असती तर एवढी गोल कशाला चोरंल? आन् ती लाल बोटं.

आमचा आतला एजंट म्हणजे तिमामामा, आईचा भाऊ. मी हवालदाराला म्हणलं, "मामाला बाहेर पाठवा, त्याच्या घरनं निरोप आलाय." मामा आला. ज्या अंगठ्यानं तो देवाला कुंकू लावतो, तो अंगठा लालभडक.

"मामा, बटनाला कुंकू तू लावलंस?"

मामा एकदम खूश. "दिसलं का तुला? नवा खडक फोडायच्या आधी मी घणाला लावतो का नाय? छिन्नीला लावतो का नाय? मग हे पण हत्यारच की. आज आपलं काम त्याच्याकडं."

"केंद्रावरचे साहेब काय म्हणले?"

"लई पेटला. 'अहो काय करताय, अहो काय करताय,' नुसता नाचाय लागला. रुमाल ओला करून घासत बसला. बटनाच्या कडंला गेलेलं निघंना. मग त्यानं माझी डबी खिडकीतनं फेकून दिली. चांदीची डबी, रेणी! माझ्या आज्याची. मी खिडकीतनं वाकून बघत होतो कुठं पडली."

"हे कधी झालं?"

"सकाळी. ते खोटं खोटं मतदान करतात ना आधी, तपासायला. पन्नास दाबायची होती."

पन्नास.

"कुणी दाबली?"

"बापू भोईटे आलाच नव्हता तवर. मीच होतो. साहेब म्हणला, दाबा हो मामा तुम्ही, मला कागद भरायचेत. मी छत्रीलाच दाबत गेलो. पोरी, लाइट लागती, पीं वाजतंय, सोडवतच नाय! एकतीस दाबली. मग त्या साहेबाच्या बाजूला बसतात त्या म्याडम म्हणल्या, आता दुसऱ्यांना पण दाबा. त्यांनी पंधरा कपबशीला टाकली. चार त्या कुणालाच नको वाल्याला. सगळ्या रेघा कागदावर मारल्यात त्यांनी. झाली पन्नास. तवा मी डबी काढली."

"आन् नंतर ती मतं पुसली?"

"कुंकू पुसलं."

"मतं, मामा! पन्नास खोटी मतं! ती पुसून मशीनवर शून्य दाखवतात. तुला दाखवलं का शून्य?"

मामानं शाळेच्या खिडकीकडं बघितलं. मग हळूच म्हणला, "दाखवलं असंल. मी डबी बघत होतो. साडेसात वाजले, बाहेर लोक बोंबलाय लागले, साहेबानं घाईघाईत कागद चिकटवला, लाख लावली."

झालं होतं ते असं. चोरी नाय, काय नाय. एक घाबरट साहेब, एक कुंकवाची डबी, आन् एक बटन दाबायचं राहिलेलं.

मी आईला बाजूला घेतलं, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी. मामा, सिद्राम, हनमव्वा आजी, आणखी दोन-तीनजण मागं आलेच. मी सगळं सांगितलं. सांगताना वाटत होतं, आता सगळे शांत होतील, म्हणतील चला, साहेबाला सांगू.

सिद्रामनं घण खांद्यावरनं उतरवला. दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. बोटं मोडत मोजाय लागला.

"एकतीस आपली. पंधरा त्यांची. म्हणजे सोळा आपल्याला फुकट."

"फुकट नाय, खोटी," मी म्हणलं.

"सोळा जास्तीच ना?"

"देवीनंच दिली," हनमव्वा आजी म्हणली. "म्हणून तर बोट लाल झालं."

"अरं मघाशी मशीन फोडाय निघाला होतास तू! मशीन चोर हाय म्हणत होतास!"

"तवा ती मतं त्यांची वाटत होती," सिद्राम म्हणला. एकदम सरळ. त्याला त्यात काय वावगं वाटलंच नाय.

मामा म्हणला, "रेणी, गप बस बाई. मोजणीला कुणाला कळतंय? आतापर्यंत त्यांनी किती खाल्लं आपलं. एक दिवस आपल्याला घावलं."

"मोजणीला कळणार! रजिस्टरला सह्या कमी आन् मशीनवर मतं जास्त, हे बापू भोईट्याला कळणार नाय? मग गावभर म्हणतील, वडारांनी मशीनला करणी केली. जन्मभर म्हणतील. लाल बोटं तर अख्ख्या रांगेनं बघितलीत."

"म्हणू दे. निवडून तर येऊ."

मी आईकडं बघितलं. भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"आई."

"नळ येईल, रेणे," ती म्हणली. एवढंच. माझ्याकडं न बघता. "मी शब्द दिलाय सगळ्यांना. सोळा मतांनी काय मोठा फरक पडतोय, पण पडलाच तर..."

"म्हणजे तू पण?"

"मी काय केलंय? मी बटन दाबलं का? ज्याचं काम त्यानं विसरलं. आपण गप राहायचं, एवढंच."

आईनं मला आयुष्यात कधी गप राहा म्हणलं नव्हतं. हजेरीपट फेकला तेव्हा पण नाय. तेव्हा ती मास्तराला जाऊन म्हणली होती, "पोरीचं नाव रेणुका हाय, लिहून घ्या." आन् आज हे.

मला काय झालं ठाऊक नाय. विचार बिचार केला नाय मी. रागात माझे पाय आधी चालतात. मी भिंतीला वळसा घातला, चुन्याची रेघ ओलांडली, हवालदार "ए, ए पोरी" म्हणेपर्यंत व्हरांड्यात, आन् आठवीच्या खोलीत. दोन वर्षांनी त्या खोलीत पाय टाकला. फळ्यावर सुविचार होता, पुसलेला नव्हता. माझा बाक कोपऱ्यात ढकललेला.

केंद्राध्यक्ष गायधनी म्हणून होते. पाटबंधारे खात्यातले कारकून, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. रुमाल टेबलावर वाळत घातलेला, गुलाबी डागांचा.

"बाळ, तुला आत यायची परवानगी नाही."

"साहेब, सकाळची पन्नास मतं तुम्ही पुसलीच नाय."

बापू भोईटे चहा संपवून परत खुर्चीवर बसला होता. तो उठला.

"काय म्हणतीय ही?"

"रजिस्टर बघा," मी म्हणलं. "सह्या किती? मशीन किती? मधी पन्नास हायत. त्यातली एकतीस आमची हायत, छत्रीची. तिमामामानं दाबलेली. आम्हाला नकोत."

गायधनी साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. रजिस्टर बघितलं. मशीनवरचं एक बटन दाबलं, आकडा बघितला. बाजूच्या म्याडमनी तोंडावर हात ठेवला. मला वाटत होतं हा माणूस आता माझ्यावर ओरडणार. तो हळूच म्हणला,

"मला वाटलं, मी क्लिअर केलं." मग माझ्याकडं बघून, "पंधरा निवडणुका केल्यात मी. एकदाही..."

"आता तरी करा," मी म्हणलं.

"आता करता येत नाही, बाळ. खरी मतंही त्यातच गेलीत."

बापू भोईटे टेबलावर हात आपटाय लागला. "वडारांनी मशीन बिघडवलं! मतदान रद्द करा! गुन्हा दाखल करा!" मी त्याला म्हणलं, "बिघडवलं असतं तर सांगाय आले असते का मी? आन् तुम्ही सकाळी साडेसहाला कुठं होता? अंथरुणात ना? आला असता तर तुमचीच पंचवीस दाबली असती!" म्याडम हसल्या, मग एकदम गप झाल्या.

गायधनी साहेब मला थांबवू शकले असते. मला बाहेर काढून, बापूला समजावून, कागद जुळवून काहीतरी केलं असतं. त्यांनी फोन उचलला आन् तालुक्याला स्वतः सांगितलं, "चूक माझी आहे." एवढंच मी त्यांच्याबद्दल सांगीन. नंतर ते निलंबित झाले असं ऐकलं. परत दिसले नाय.

तासाभरानं तहसीलची जीप आली. मतदान थांबलं. फेरमतदान चार दिवसांनी.

ते चार दिवस आई माझ्याशी बोलली नाय. ताट वाढायची, पुढं सरकवायची. वस्ती मात्र बोलायची, मला ऐकू जाईल असं. "हरिश्चंद्राची नात आली बघा." "सोळा मतं भोईट्यांना देऊन आली." सिद्राम तर तोंडावर म्हणला, "किती चहा पाजला गं बापूनं?" मी त्याच्या अंगावर धावले, मामानं धरलं.

चक्कीवर नवी कुजबुज सुरू झाली. बघितलं ना, मशीनमधी मतं आधीच असतात. परवा पन्नास घावली, न घावलेली किती असतील? आता जाऊन काय उपयोग? मी त्यांना जे दिलं होतं, तेच त्यांनी उलटं फिरवून आमच्या वस्तीत परत पाठवलं. आन् आमची माणसं मान डोलवत होती.

फेरमतदानाच्या दिवशी सकाळी सहालाच खाणीचा ट्रक वस्तीच्या तोंडाला उभा. एरवी आठला येतो. खाण कुणाची, तर बापू भोईट्याच्या मेव्हण्याची. मुकादम ओरडत होता, "आज लवकर, मोठी ऑर्डर हाय!" मी ट्रकपुढं जाऊन उभी राहिले.

"मत टाकून जावा. साडेसातला सुरू होतंय."

"बाजूला हो रेणी."

"सिद्रामदादा, तू पण?"

सिद्राम फळीवर बसला होता, पाय खाली सोडून. "कुठंबी दाबलं तरी त्यांनाच जातंय. तूच तर दाखवलंस मशीन कसं असतं."

"मी दाखवलं ती माणसाची चूक होती! मशीन नाय!"

"एकच की," तो म्हणला. ट्रक हलला. अकरा माणसं होती त्यात. मी मोजली. ती सवय काय जात नाय.

मी शाळेकडं पळत गेले. साडेसहा वाजलेले. आई तिथं माझ्या आधी. तीच हिरवी साडी, धुऊन इस्त्री न केलेली. आतला एजंट म्हणून यावेळी मामाऐवजी ती स्वतःच बसणार होती, उमेदवाराला बसता येतं. नवे केंद्राध्यक्ष तरणे होते, कडक. बापू भोईटे यावेळी वेळेवर. मी व्हरांड्याच्या बाहेर, खिडकीपाशी. हवालदार तोच. त्यानं मला बघितलं आन् दुसरीकडं तोंड केलं.

पन्नास मतं दाबली. पंचवीस बापूनं, पंचवीस आईनं. आई एक-एक बटन असं दाबत होती जसं तव्याला हात लागतोय. साहेबांनी मशीन बंद केलं, निकाल दाखवला, मग साफ केलं.

"झालं. शून्य. सह्या करा."

बापूनं सही केली. साहेब लाखेची कांडी पेटवाय लागले.

"थांबा," आई म्हणली.

"काय झालं?"

"आधी शून्य दाखवा."

"आताच दाखवलं की बाई."

"मला दाखवलं. तिला नाय दाखवलं." आईनं खिडकीकडं बोट केलं. "आन् बाहेर रांग हाय, तिला नाय दाखवलं. दारात आणून दाखवा सगळ्यांना. मग मी सही करते."

"असा नियम नाही."

"दाखवू नका असा हाय का?"

बापू म्हणला, "साहेब, वेळ चाललाय." आई खुर्चीत मागं टेकून बसली. हाताची घडी. मला हसू येत होतं.

शेवटी साहेबांनी मशीन उचललं, वायर लांब केली, दारापर्यंत आणलं. बटन दाबलं. हिरव्या काचेत शून्य आलं. आईनं रांगेला हाक मारली, "या, बघा. हनमव्वा आजी, पुढं ये, तुला दिसत नाय नीट. काय हाय?"

"गोल हाय."

"शून्य हाय. कुणाचं काय नाय त्यात. आता जे टाकाल तेच."

मग ती माझ्याकडं वळली. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "तुला दिसलं का?"

"दिसलं."

"मग जा, माणसं घेऊन ये. किती राहिलीत?"

"अकरा गेलीत ट्रकनं. बाकीची आणते."

बाकीची मी आणली. घराघरातनं, न्हाणीतनं, शेतातनं. एका काकाला तर अर्ध्या दाढीवर आणला. पण ट्रक संध्याकाळी सहाला आला, मतदान बंद झाल्यावर अर्ध्या तासानं.

दुसऱ्या दिवशी तहसीलच्या आवारात मोजणी. कपबशी एकशे एकाहत्तर. छत्री एकशे बासष्ट. कुणालाच नको, पाच.

नऊ मतांनी आई हरली.

भोईट्यांनी फटाक्यांची माळ लावली. आमची वस्ती कंपाउंडाच्या बाहेर उभी होती, सिद्राम सगळ्यांच्या पुढं. तो मोठमोठ्यानं ओरडाय लागला, "मशीन विकलंय! मशीन चोर हाय! परत मोजा!" मागचे पण ओरडाय लागले. चांगली पन्नास-साठ माणसं. पोलिस काठ्या घेऊन सरकले. कुणीतरी माझ्या पाठीत गुद्दा मारला, "तुझ्यामुळं! सोळा होती आपल्याकडं! सोळातनं नऊ गेली तरी सात उरली असती!" तो हिशोब चुकीचाच होता, दोन दिवसांची मतं एकात एक मिसळत नाहीत. पण वस्ती आजपण तोच हिशोब करते.

आई गेटाच्या पायरीवर चढली.

"सिद्राम, तोंड बंद कर."

"अक्का, तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी नाय. शून्य मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ह्या पोरीनं बघितलं. हनमव्वानं बघितलं. त्या मशीननं माझं एक मत खाल्लेलं नाय." तिचा आवाज फाटला, तरी थांबली नाय. "नऊ कमी पडली. आन् ट्रकमधी अकरा होती. नावं घेऊ का एकेकाची?"

सिद्रामनं खाली बघितलं. त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला पहिल्या मतदानाची शाई होती, अर्धी उडालेली. कालची नव्हती.

फटाके वाजतच होते. आई पायरीवरनं उतरली, माझा दंड धरला. एवढा घट्ट की दुखलं.

"चल," म्हणली. "पुढच्या वेळेला ट्रकपुढं तू एकटीनं नको उभी राहूस. मला हाक मार."

ह्याला आता तीन वर्षं झाली. नळ अजून चक्कीपाशीच हाय. ग्रामपंचायतीची मोठी निवडणूक लागली, आई परत उभी राहिली, निशाणी परत छत्री मागून घेतली. मी एकोणीसची हाय, यादीत माझं नाव हाय, म्हणून यावेळी आत मी बसते. मामाची डबी तेव्हा खिडकीखाली परत घावली होती, ती मी सकाळीच काढून घेतली त्याच्याकडनं. सिद्राम पहाटेपास्नं आमच्या दारात उभा, घण नाय, नुसते हात. ट्रक आला तर पुढं उभं राहायला.

आठवीची तीच खोली. नवे साहेब, घाईत असलेले. पन्नास दाबून झाली. साहेबांनी मशीन माझ्यापुढं असं फिरवलं आन् लगेच ओढून घेतलं.

"बघितलंस ना? कर सही."

"नाय बघितलं."

"अगं, आताच तर..."

मी पेन टेबलावर ठेवलं आन् दार उघडून रांगेला हाक मारली.